शनिवार किती वाजता सुरू होतो?

२०२४ मध्ये आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लक्ष्मीपूजनाच्या तारखेवरून जे महाभारत झालं, ते तुम्हाला आठवत असेलच. दाते पंचांग आणि कालनिर्णय १ नोव्हेंबर २०२४ म्हणत होते. भारतात इतर बऱ्याच ठिकाणी ३१ ऑक्टोबरला पूजन होतं. एका काकूंनी लिहिलं, "आमच्याकडे पुण्याचंच पंचांग चालतं, प्रश्नच नाही." त्यावर इथेच जन्मलेल्या एका मुलानं विचारलं, "काकू, पण सूर्य तर ब्रॉसार्डचा आहे ना?" मग पाच मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही. आपल्या ग्रुपवर असं क्वचितच होतं.

मुलाचा हिशेब चुकीचा नव्हता. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी अमावास्या हवी. त्या वर्षी पुण्यात ती ३१ तारखेला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि १ तारखेला संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपली. दोन्ही संध्याकाळी अमावास्या होती, म्हणून तिथे वादाला जागा होती. आपल्याकडे साडेनऊ तास वजा करा: ३१ ला सकाळी ६:२२ ते १ ला सकाळी ८:४६. म्हणजे १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ब्रॉसार्डात अमावास्या शिल्लकच नव्हती! पण काकूंचंही खोटं म्हणवत नाही. सदाशिव पेठेतल्या बहिणीनं ज्या तारखेला दिवा लावला, त्याच तारखेला इथे दिवा लावावा, यालाही काही अर्थ आहेच. शेवटी आपण काय केलं? शनिवारी केलं, कारण हॉल शनिवारी मिळाला.

मी त्या वादात पडलो नाही, कारण तेव्हा मी याच जातीच्या एका जुन्या भांडणाबद्दल वाचत होतो. महिना कोणता, दिवस कोणता, घटका कोणती, आणि हे ठरवायचं कोणी, यावरून माणसं दुभंगली, पुन्हा दुभंगली, त्यातून नवे पंथ निघाले. त्यातला एक अध्याय आपल्या घरापासून दीड तासावर घडला आहे.

आपण डिक्स-त्रांतला खरेदीला जातो तेव्हा हायवे १० लागतो. खरेदीला न थांबता त्याच रस्त्यानं पूर्वेकडे गेलात, की मॅगॉगच्या पुढे दक्षिणेला मॅसाविपी तळ्याजवळ हॅटली नावाचं गाव आहे. शरद ऋतूत पानांचे रंग बघायला आपल्यातले अनेक जण तिकडे जातात. जून १८४२ मध्ये या हॅटलीत मोकळ्या रानात तंबू पडले. जोसाया लिच नावाचा उपदेशक आला होता आणि दिवसच्या दिवस प्रवचनं चालली. आपल्या नामसप्ताहाचं चित्र डोळ्यांसमोर आणा, फक्त विषय वेगळा: येशू ख्रिस्त वर्षा-दोन वर्षांत पुन्हा येणार आणि जगाचा शेवट होणार. या चळवळीची ही पहिली कॅम्प मीटिंग. न्यू हॅम्पशायरमधली, जिचा जास्त बोलबाला झाला, ती हिच्यानंतर आठवड्याभरानं भरली.

चळवळीचा जनक होता विल्यम मिलर, न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा शेतकरी. प्लॅट्सबर्ग तुम्हाला माहीत आहे, सीमेपलीकडे स्वस्त खरेदीसाठी. तिथे सप्टेंबर १८१४ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांची लढाई झाली, त्यात मिलर कॅप्टन होता. तोवर देवानं जग निर्माण करून सोडून दिलं, अशा मताचा हा माणूस. पण इतक्या मोठ्या ब्रिटिश फौजेपुढे आपण जिंकलो कसे, या प्रश्नानं त्याला ग्रासलं. तो बायबलकडे वळला आणि शेतीच्या हिशेबाच्या चिकाटीनं ते वाचू लागला. दानीएलच्या पुस्तकात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचं, सुरुवात इसवी सनापूर्वी ४५७ मध्ये करायची, की उत्तर येतं १८४३. नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की इसवी सनाला शून्य वर्षच नाही, म्हणून १८४४.

आता पुढची गोष्ट पंचांग पाहणाऱ्याला लगेच कळेल. वसंत ऋतू कोरडा गेल्यावर सॅम्युएल स्नो या उपदेशकानं मांडलं की हे २३०० दिवस ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, त्यांच्या सातव्या महिन्याच्या दशमीला, पुरे होणार. पण ती दशमी कधी? ज्यूंच्या नेहमीच्या पंचांगात १८४४ साली ती २३ सप्टेंबरला होती. त्यांच्यातल्या कराइट पंथाची जुनी रीत वेगळी: यरुशलेमच्या शेतात जव पिकला की वर्ष सुरू, पिकला नसेल तर एक महिना जास्त धरायचा. त्या रीतीनं दशमी आली २२ ऑक्टोबरला. म्हणजे सरळ अधिक महिन्याचा वाद! टिळक पंचांग मानणाऱ्या रत्नागिरीकडच्या घरांमध्ये काही वर्षी गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो, त्यातलाच हा प्रकार. मिलरच्या मंडळींनी कराइटांची रीत घेतली.

२२ ऑक्टोबर १८४४, मंगळवार. त्या वेळच्या अनुयायांचा अंदाज पन्नास हजारांपासून लाखापर्यंत केला जातो. काहींनी पीक उभंच ठेवलं होतं, काहींनी दुकानं बंद केली होती. रात्रभर ते जागले. सकाळ झाली, कोंबडा आरवला आणि गाईंच्या धारा काढायच्या होत्याच.

हसू नका. म्हणजे मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं, पण ज्यांनी या रात्रीबद्दल लिहून ठेवलं आहे ते वाचल्यावर ते टिकलं नाही. ही माणसं वेडी नव्हती. शेजाऱ्यांची देणी फेडून, जुनी भांडणं मिटवून ती वाट पाहत बसली होती. बहुतेक जण नंतर गप्प आपापल्या जुन्या चर्चमध्ये गेले किंवा कुठेच गेले नाहीत. मिलरनं चूक कबूल केली, पण ख्रिस्त लवकर येणार यावरचा विश्वास सोडला नाही. १८४९ मध्ये तो गेला. एप्रिल १८४५ मध्ये ऑल्बनीला उरलेल्यांची परिषद झाली, पण तोवर त्यांच्यात फुटीची सुरुवात झालीच होती. आणि ती गेलेल्या तारखेपेक्षा दोन नव्या गोष्टींवरून वाढली: शनिवार आणि दृष्टांत.

शनिवार आणला एका बाईनं. रेचल ओक्स ही सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट, म्हणजे शनिवार हाच बायबलातला शब्बाथ असं मानणाऱ्या छोट्या पंथाची. १८४४ च्या सुमारास ती न्यू हॅम्पशायरमधल्या वॉशिंग्टन नावाच्या खेड्यात मुलीकडे राहायला आली. तिथल्या रविवारच्या उपासनेत फ्रेडरिक व्हीलर या उपदेशकानं सांगितलं, की प्रभूभोजन घेणाऱ्यानं देवाच्या साऱ्या आज्ञा पाळायला हव्यात. नंतर बाईंनी त्याला सुनावलं: मी तेव्हाच उठून सांगणार होते, की त्या टेबलावर चादर परत घाला, कारण चौथी आज्ञा तुम्ही स्वतःच पाळत नाही. (अशी एक तरी बाई प्रत्येक मंडळात असते आणि असावी.) व्हीलर शनिवार पाळू लागला. त्याच्याकडून म्हणा किंवा त्या परिसरातून म्हणा, हे टी. एम. प्रेबल या उपदेशकापर्यंत पोचलं. फेब्रुवारी १८४५ मध्ये प्रेबलनं त्यावर लेख छापला आणि तो जोसेफ बेट्सच्या हाती पडला.

बेट्स हा निवृत्त जहाजाचा कप्तान. लेख वाचून तो थेट न्यू हॅम्पशायरला गेला, रात्रभर व्हीलरशी बोलला आणि घरी परतला. फेअरहेवन आणि न्यू बेडफर्ड यांच्यामधल्या पुलावर त्याला एक ओळखीचा भेटला. त्यानं सहज विचारलं, काय कप्तान, काय बातमी? बातमी ही, बेट्स म्हणाला, की सातवा दिवस हाच शब्बाथ. मी शॅम्प्लेन पुलावर सकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. पुलावर उभं राहून धर्म बदलावा इतका वेळ माणसांकडे होता.

आता गंमत पाहा. ज्या प्रेबलच्या लेखानं हे घडलं, त्यानं दोन-अडीच वर्षांत शनिवार सोडला आणि पुढे त्याच्याविरुद्ध लिहिलं. ओ. आर. एल. क्रोझिअर या दुसऱ्या लेखकानंही, ज्यानं १८४४ च्या तारखेचा नवा अर्थ मांडला, शनिवार धरला आणि काही वर्षांत सोडून दिला. म्हणजे दार उघडणारेच आत राहिले नाहीत.

दुसरी गोष्ट दृष्टांत. हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करायला सांगितलं, असं तुकोबा स्वतः सांगतात. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला आणि त्यांच्या नवऱ्याला ते मुळीच आवडलं नाही. डिसेंबर १८४४ मध्ये, म्हणजे त्या फसलेल्या तारखेनंतर दोनच महिन्यांनी, मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये एलन हार्मन या सतरा वर्षांच्या, सतत आजारी असणाऱ्या आणि शाळा अर्धवट सुटलेल्या मुलीला पहिला दृष्टांत झाला. १८४६ मध्ये तिचं जेम्स व्हाइट या तरुण उपदेशकाशी लग्न झालं आणि त्याच वर्षी बेट्सचं पुस्तक वाचून दोघं शनिवार पाळू लागले. लक्षात घ्या, शनिवार आधी पुस्तकातून आला. शनिवारची खूण पटवणारा तिचा दृष्टांत १८४७ चा, म्हणजे नंतरचा.

तरी शनिवार पाळायचा ठरवल्यावर प्रश्न उरलाच: शनिवार सुरू कधी होतो? आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून एकादशी पाहताना आपण पहाटेची तिथी बघतो आणि स्मार्त-भागवत असे दोन पर्याय कॅलेंडरवर छापतो. ज्यूंचा वार सूर्यास्ताला बदलतो. घड्याळाचा मध्यरात्री. आमच्या कप्तानानं चौथाच मार्ग काढला: संध्याकाळचे सहा. जहाजावर आयुष्य गेलेला माणूस, त्यानं विषुववृत्ताची वेळ प्रमाण धरली. तिथे सूर्य बारा महिने सहाच्या आसपास मावळतो, मग जगभर तीच वेळ धरली की भानगड नको. मेनमध्ये काही जण उलट सूर्योदयापासून शनिवार धरत होते. काही थोडे सूर्यास्तापासून. नऊ वर्षं हे असं चाललं. बहुसंख्य कप्तानाच्या सहावर राहिले.

मला विचाराल तर बेट्सचा नियम पुण्यात खपून गेला असता. तिथे सूर्य डिसेंबरात सहाच्या आसपास आणि जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास मावळतो, फरक सव्वा तासाचा. ब्रॉसार्डात डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास अंधारतं आणि जूनमध्ये पावणेनऊला सूर्य अजून असतो. जूनच्या शुक्रवारी सहा वाजता, लख्ख उन्हात, बार्बेक्यू पेटलेला असताना, शब्बाथ सुरू झाला असं कोणाला पटवणार?

१८५५ मध्ये जेम्स व्हाइटनं जे. एन. अँड्रूज या सव्वीस वर्षांच्या तरुणाला काम दिलं: बायबल नीट पाहा आणि सांग. नोव्हेंबरात मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला परिषद भरली, अँड्रूजनं आपला अभ्यास वाचला. निष्कर्ष: सूर्यास्त ते सूर्यास्त. जवळजवळ सगळ्यांना पटलं. पटलं नाही ते दोघांना, बेट्सला आणि खुद्द एलन व्हाइटला. परिषद संपता संपता तिला दृष्टांत झाला आणि त्यात सूर्यास्ताच्या बाजूनं उत्तर आलं. मग तिनं आणि बेट्सनं सहाचा हट्ट सोडला.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि दोन्ही बाजूंनी लोक बोललेही. टीकाकार म्हणाले, देवदूत नऊ वर्षं कुठे होता? चुकीच्या वेळेला पाळलेल्या साडेचारशेहून जास्त शनिवारांचं काय? उलट उरिया स्मिथ या संपादकानं हेच तिच्या बाजूनं मांडलं, की तिचे दृष्टांत जर तिच्याच मनाचे खेळ असते तर ते तिच्याच मताविरुद्ध कशाला गेले असते? मला स्मिथचा युक्तिवाद हुशार वाटतो, पण तो पुरा पटत नाही. चार दिवस सगळ्या सोबत्यांच्या विरुद्ध बाजूला बसलेल्या माणसाचं मन वळतं, त्याला देवदूत लागतोच असं नाही. पण एवढं मात्र खरं, की त्या परिषदेत अभ्यास आधी झाला आणि दृष्टांत मागून आला. उलट झालं असतं तर पंथ तिथेच मोडला असता, असं मला वाटतं.

कारण दृष्टांतांवरून तो मोडतच होता. १८५३ मध्ये मिशिगनच्या जॅक्सन गावात एका बाईवर आरोप झाला, की ती शेजारणीला फार वाईट शब्द बोलली. केस आणि रसेल या दोघा उपदेशकांनी तिला धारेवर धरलं. एलन व्हाइटला दृष्टांत झाला, त्यात बाईची चूक निघाली, दोघं खूश. मग पुन्हा दृष्टांत झाला: बाई चुकली, पण या दोघांची निर्दय वागणूकही चूकच. झालं! पहिला दृष्टांत देवाचा आणि दुसरा नाही, असा त्यांचा ग्रह झाला. ते बाहेर पडले, 'मेसेंजर ऑफ ट्रूथ' नावाचं पत्र काढलं आणि काही वर्षांत त्यांचा गट विरून गेला. जगातल्या कुठल्याही मंडळाच्या इतिहासात ही गोष्ट नाव बदलून घालता येईल.

पुढच्या फुटी यापेक्षा गंभीर होत्या. जेम्स व्हाइटनं १८५१ पासून आपल्या मुख्य पत्रात दृष्टांत छापणं जवळपास बंद केलं होतं, आम्ही फक्त बायबलावर चालतो असं लोकांना दिसावं म्हणून. १८५५ च्या त्याच परिषदेत काहींनी जाहीर खंत व्यक्त केली, की आपण या देणगीकडे दुर्लक्ष केलं. मग दृष्टांतांचं वजन वाढत गेलं आणि ज्यांना शनिवार हवा होता पण दृष्टांत नको होते, त्यांचा श्वास कोंडला. मिशिगनमध्ये गिल्बर्ट क्रॅनमर बाहेर पडला आणि १८६३ मध्ये त्याच्या लोकांनी 'होप ऑफ इस्राएल' हे पत्र सुरू केलं. आयोवात स्नूक आणि ब्रिंकरहॉफ हे तर पंथाचे अधिकारी होते. त्यांनी १८६६ मध्ये एलन व्हाइटचे दृष्टांत देवाचे नाहीत, असं ठणकावून सांगणारं पुस्तकच लिहिलं. या मंडळींतून पुढे चर्च ऑफ गॉड (सेव्हन्थ डे) झालं. मिलरच्याच परंपरेतले, पण ना शनिवार ना दृष्टांत मानणारे, १८६० मध्ये ॲडव्हेंट ख्रिश्चन म्हणून संघटित झाले. दोन्ही मानणाऱ्यांनी त्याच वर्षी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हे नाव घेतलं. १८६३ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली तेव्हा सभासद होते सुमारे साडेतीन हजार. आज ते दोन कोटींहून जास्त आहेत. बाकीचे दोन्ही लहानच राहिले. दृष्टांत ठेवल्यामुळे ते वाढले, असं श्रद्धावान सांगतील. मी त्यांच्या छापखान्यांना, शाळांना आणि दवाखान्यांना जास्त श्रेय देईन.

आणि रेचल ओक्स? जिनं शनिवार आणला, तिनं दृष्टांत कितीतरी वर्षं मानले नाहीत. व्हाइट दांपत्याबद्दल तिच्या कानावर काहीबाही आलं होतं, म्हणून ती त्या पंथात गेलीच नाही. १८६८ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी तिचं मन वळलं. पंथाच्या इतिहासात तिचं नाव आदरानं घेतलं जातं.

पुणेकरांनो, तुम्ही म्हणाल आमचा संबंध काय. औंध रस्त्यावरचं स्पायसर आठवा! १९१५ मध्ये कोइंबतूरला सुरू झालेली, १९४२ मध्ये पुण्यात आलेली ती संस्था याच पंथाची. विल्यम स्पायसर या मिशनऱ्याच्या नावानं. शाकाहारी, आणि शनिवारी उपासना. सॅलिसबरी पार्कचा त्यांचा छापखाना तर १९२४ पासूनचा. शिवाय बॅटल क्रीकच्या त्यांच्याच आरोग्यधामात केलॉग बंधूंनी कॉर्नफ्लेक्स शोधले, ज्यांचा आपण इथे दिवाळीत चिवडा करतो. आणि कोकणपट्टीला शनिवार काही अमेरिकेनं शिकवला नाही. रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांचं नावच शनवार तेली पडलं होतं. घाणा किती वाजता बंद करायचा, यासाठी त्यांना परिषद भरवावी लागली नाही. सूर्य बुडालेला दिसत होता.

आता इथल्या मुलांसाठी एक गोष्ट, कारण ही थेट तुमच्या उपयोगाची आहे. कॅनडात १९०६ चा लॉर्ड्स डे ॲक्ट होता, रविवारी धंदा बंद ठेवायला लावणारा. एप्रिल १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्याच वर्षी डिसेंबरात ओमॅली खटल्याचा निकाल लागला. ओंटारिओतल्या किंग्स्टनमध्ये सिम्पसन्स-सिअर्स या दुकानात काम करणारी ही बाई १९७८ मध्ये ॲडव्हेंटिस्ट झाली आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत तिला काम करता येईना. पूर्णवेळ नोकरी गेली, अर्धवेळ उरली. न्यायालयानं सांगितलं, की नियम सगळ्यांना सारखा असला तरी एखाद्याच्या धर्मावर त्याचा भार पडत असेल, तर मालकानं शक्य तेवढी सोय करायला हवी. १९९४ मध्ये हेच तत्त्व आपल्या साउथ शोअरवर आलं: शांब्ली शाळा मंडळातल्या तीन ज्यू शिक्षकांना सर्वोच्च न्यायालयानं प्रायश्चित्ताच्या दिवसाची पगारी रजा दिली. हो, तोच प्रायश्चित्ताचा दिवस, ज्याच्या महिन्यावरून मिलरची मंडळी चकली होती. तुम्ही शाळेत किंवा ऑफिसात दिवाळीची रजा मागता, तेव्हा 'अकोमोदमाँ रेझोनाब्ल' या शब्दांमागे हे खटले उभे असतात. मग वरिष्ठ विचारतात, दिवाळी नक्की कोणत्या दिवशी? आणि आपण एकमेकांकडे बघतो.

२०२५ मध्येही तोच पेच होता. पंचांग पुण्यासाठी लक्ष्मीपूजन मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५ ला सांगत होतं. ब्रॉसार्डात अमावास्या २० ला सकाळी सव्वासहाच्या सुमारास लागली आणि २१ ला सकाळी साडेआठच्या आत संपली. काकूंचा मेसेज आला होता. त्या मुलाचाही आला होता, त्या वेळी सोबत एक तक्ता जोडून. मी फक्त सूर्यास्त पाहून ठेवला: २० तारखेला इथे सूर्य सहाला तीन-चार मिनिटं असताना मावळणार होता. म्हणजे त्या एका संध्याकाळपुरतं कप्तान बेट्सचं घड्याळ बरोबर होतं.